नव्याने रंगमंचावर येणाऱ्या मुस्लिम मैत्रिणीस

तुमच्या वाट्याला दोन बाजूंनी बोल येतील, हे आधीच सांगून ठेवते. घरातले किंवा मोहल्ल्यातले कुणी 'बेपर्दा' म्हणेल. आणि बाहेरचा एखादा सुशिक्षित माणूस कौतुकाच्या सुरात 'तुम्ही मुस्लिम वाटतच नाही' असे म्हणेल. मला विचाराल तर हे दुसरे वाक्य अधिक बोचते, कारण त्यात तुमच्या साऱ्या समाजाविषयीचा निकाल आधीच लागलेला असतो. अशा वेळी शांतपणे 'वाटायला काय हवे होते?' एवढेच विचारावे.

आपण पहिल्या नाही, याचा मोठा आधार वाटतो. मूकपटांच्या काळातील अभिनेत्री फातमा बेगम यांनी 1926 मध्ये चित्रपट दिग्दर्शित केला होता. 1982 मध्ये जळगावात मुस्लिम स्त्रियांच्या चित्रपट पाहण्यावर जमातीने, म्हणजे समाजाच्या पंचायतीने, बंदी घातली, तेव्हा कार्यकर्त्या रझिया पटेल त्याविरुद्ध उभ्या राहिल्या; म्हणजे तेव्हा नुसते प्रेक्षक होण्यासाठीही झगडावे लागले होते.

भूमिका स्वीकारताना मात्र संहिता नीट वाचावी. डोळ्यांत सुरमा, तोंडी चार उर्दू शब्द आणि शेवटी कुणीतरी येऊन केलेली सुटका, एवढेच त्या पात्रात असेल, तर त्या बाईचा व्यवसाय काय, तिला राग कशाचा येतो, हे लेखकाला विचारावे. 'दंगल'मधील अभिनेत्री झायरा वसीम यांनी 2019 मध्ये श्रद्धेचे कारण देऊन चित्रपट सोडले, त्याही निर्णयाचा मान राखावा. राहणे किंवा सोडणे, दोन्ही त्या स्त्रीनेच ठरवायचे असते.