२९ अंशांना ठेवलेले फळमाशीचे नर आणि २५ अंशांतला कंट्रोल

तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीची मीच आठवले. तुम्ही फळमाशीत नॅनोस-गॅल४ ने (फक्त जननपेशींत चालणाऱ्या गॅल४ ने) एक जनुक दाबलं, क्रॉस, म्हणजे त्यासाठी लावलेली जोडी, २९ अंशांना ठेवला, निघालेल्या नरांपासून एकही अळी नाही, शुक्राशय रिकामं. आता गाईड म्हणताहेत, "जनुक शुक्राणूंसाठी लागतंच, लिहून टाका." एवढ्यात लिहू नका. जागा नव्हती म्हणून कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नर, २५ च्या इन्क्युबेटरमध्ये ठेवला, असं तुम्हीच म्हटलंय. माझे सात महिने नेमके तिथेच गेले.

गॅल४ हे जनुकं चालू करणारं प्रथिन मूळचं यीस्टचं, गरमीत जोरात चालतं, म्हणून सगळे २९ ला ठेवतात. पण ३०-३१ अंशांत वाढलेले नर जनुकं शाबूत असूनही वांझ निघू शकतात. म्हणजे मध्ये उरतो जेमतेम एक-दोन अंशांचा फरक. आमच्या बडोद्यात मे महिन्यात बाहेर ४३, आणि जुन्या इन्क्युबेटरच्या डिस्प्लेवर मात्र निवांत २९.०. एकदा पाण्याच्या बाटलीत काचेचा साधा थर्मामीटर बुडवून आत ठेवला. सकाळी पारा ३१ वर. दुरुस्तीसाठी अर्ज केला तर त्या विभागाचं उत्तर, "डिस्प्ले बरोबर दाखवतोय, मग बिघाड कसला?" तीन अर्ज, दोन सह्या, पावसाळा लागला तरी कुणी आलं नाही. आजही आठवलं की जीव जळतो, कारण त्या आकड्यांवर मी सेमिनार देऊन बसले होते.

तेव्हा आधी फक्त ड्रायव्हर (नॅनोस-गॅल४) असलेले आणि फक्त आरएनएआय (जनुक दाबणारा भाग) असलेले नर त्याच कपाटात, त्याच फळीवर वाढवा. तेही वांझ निघाले तर दोष गरमीचा. मग त्या कंट्रोल नरांना २५ ला हलवा आणि दर तीन दिवसांनी नव्या कुमारी माद्या द्या. मूळ पेशीपासून शुक्राणू व्हायला साधारण दहा दिवस लागतात, त्यामुळे दोन आठवडे तरी धीर धरा. जनुक दाबलेले नर २५ ला सुधारले तर मात्र त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण तिथे गॅल४ ही मंदावतं.

आणि नुसती पिल्लं मोजू नका, वृषण उघडून बघा. पिवळं, स्प्रिंगसारखं वेटोळं सलाइनमध्ये फोडून फेज काँट्रास्ट मायक्रोस्कोपखाली धरा. टोकाच्या हबमधून (मूळ पेशी ज्याला चिकटून असतात त्या पेशींच्या झुबक्यातून) येणारा अनपेअर्ड या प्रथिनाचा संदेश, म्हणजे जॅक-स्टॅट ही संदेशसाखळी, तुटला असेल तर टोकाच्या मूळ पेशीच संपतात. बॅम हे जनुक गेलं तर चार विभाजनांनंतर थांबायचं पेशींना कळत नाही, बारीक पेशींचा नुसता खच पडतो. अ‍ॅली किंवा कॅनसारखं पुढच्या टप्प्याचं जनुक बिघडलं तर मोठ्या स्पर्मॅटोसाइट्स (शुक्राणू होण्याआधीच्या पेशी) साचतात आणि पुढे काहीच नाही. माझ्या गरमीच्या स्लाइडवर टोक अगदी निरोगी होतं. शेपटी लांबण्याआधीची, 'कांद्याची' म्हणतात ती अवस्थाही सुरेख, फिक्या केंद्रकाशेजारी तेवढाच गडद गोल, जोडी-जोडीने. शेपट्या लांबताना सगळं विस्कटलेलं. तुमचा फोटो मला तसाच वाटतोय. अर्थात एका फोटोवरून मी पैज लावणार नाही, आणि तुमचं जनुक मी कधी हाताळलेलं नाही.

माझं मत विचाराल तर जननपेशींचे क्रॉस २७ ला ठेवावेत, जनुक थोडं कमी दबलं तरी चालेल. आणखी एक. २००१ चे अनपेअर्डचे दोन पेपर सगळेच प्रस्तावनेत लावतात, पण २०१० पासूनचंही वाचा. जननपेशींत स्टॅटचं मुख्य काम त्यांना हबला चिकटवून ठेवण्याचं आहे, आणि त्यांचं मूळपण टिकवायला शेजारच्या सिस्ट मूळ पेशी (जननपेशींना वेढणाऱ्या पेशी ज्यांतून होतात त्या) व बीएमपी नावाचा दुसरा संदेश लागतात, हे तेव्हा पुढे आलं. व्हायव्हात हमखास विचारतात.

आंब्याच्या दिवसांत रसाच्या पातेल्यावर घोंघावणारी चिलटं लॅबमध्येही शिरतात. बाटल्यांचे बोळे घट्ट बसवा आणि कुमारी माद्या गोळा करताना डोळ्यांचा रंग दोनदा बघा. माझ्या एका स्टॉकमध्ये बाहेरचा एकच नर शिरला, तर महिनाभर "नर सुधारले" असं समजून मी आनंदात होते.

थर्मामीटर आज रात्रीच ठेवा, आणि सकाळचा आकडा इथे टाका.