गरोदरपणात लोह, कॅल्शियम आणि फॉलिक ॲसिड सुरू असताना वेगळ्या मल्टिव्हिटॅमिनची गरज असते का?

तुमची ही दुसरी खेप असून आठवा आठवडा चालू आहे, फॉलिक ॲसिड सुरू करायला थोडा उशीर झाला, लोह आणि कॅल्शियमही लिहून दिले आहे, आणि आता मैत्रिणीने सुचवलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी त्यात वाढवावी का, असे तुम्ही विचारले आहे. डॉक्टरांना न दाखवता वाढवू नये, असे मी स्पष्टच सांगेन. मी फार्मासिस्ट आहे, आणि या गोळ्या घेण्यात मी स्वतःही चुकले आहे.

आधी फॉलिक ॲसिडविषयी. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तोवर मिटते. म्हणूनच ही गोळी दिवस राहण्यापूर्वीच सुरू करावी असे सांगतात. तुम्हाला उशीर झाला असला तरी बाराव्या आठवड्यापर्यंत ती घ्यावी. उशिरा सुरू केलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळे निर्दोषच जन्मतात आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत मणका नीट पाहिला जातो, त्यामुळे त्या विचाराने झोप उडवून घेऊ नका. नेहमीची मात्रा रोज 400 मायक्रोग्रॅम असते. आधीच्या बाळात ही नलिका नीट न मिटल्याचा दोष असेल तर 4 ते 5 मिलिग्रॅम, म्हणजे दहापट किंवा त्याहून अधिक मात्रा लागते. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत 4 मिलिग्रॅममुळे दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले होते. मधुमेह किंवा फिटची औषधे चालू असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

माझी चूक लोहाच्या बाबतीत झाली. न्याहारीनंतर लोह आणि कॅल्शियम एकदमच, तेही चहाच्या घोटाबरोबर, असे मी दीड महिना घेत होते, आणि हिमोग्लोबिन 10.2 वरून हलेना (गरोदरपणात 11 च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात). कॅल्शियम लोहाचे शोषण अडवते, चहा-कॉफीतील टॅनिनही तेच करते, आणि हे मी रोज इतरांना समजावून सांगत होते! नंतर लोह दोन जेवणांच्या मधल्या वेळेत लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घेऊ लागले, तेव्हा पुढच्या तपासणीत आकडा वर सरकला. शौच काळसर होणे अपेक्षितच असते. मळमळ किंवा बद्धकोष्ठ फार झाल्यास गोळी परस्पर बंद न करता बदलून मागावी.

वेष्टनावरचा आकडा वाचतानाही गफलत होते. फेरस फ्युमरेट 200 मिलिग्रॅम असे छापलेल्या गोळीत प्रत्यक्ष लोह सुमारे 65 मिलिग्रॅम असते, तर फेरस ग्लुकोनेट 300 मिलिग्रॅममध्ये जेमतेम 35. जागतिक आरोग्य संघटना रोज 30 ते 60 मिलिग्रॅम सुचवते ते या प्रत्यक्ष लोहाचे प्रमाण आहे. दोन गोळ्यांत लोह असल्यास बेरीज नकळत वाढते. मात्र लोहापेक्षाही मला काळजी वाटते ती अ जीवनसत्त्वाची, कारण रेटिनॉलच्या रूपात ते दिवसाला 10,000 आंतरराष्ट्रीय एककांच्या (IU) वर गेले तर बाळात व्यंग येऊ शकते. मल्टिव्हिटॅमिनच्या वेष्टनावर ‘रेटिनॉल’ किंवा ‘रेटिनिल’ हा शब्द शोधा. बीटा-कॅरोटिनचा असा धोका नसतो.

उलट, तुम्ही शाकाहारी असाल तर ब12 आणि आहारात आयोडीन कमी असेल तर आयोडीन यांविषयी जरूर विचारावे. पहिल्या तीन महिन्यांत जादा उष्मांक जवळपास लागतच नाहीत, तेव्हा दोन जिवांचे खाण्याचा आग्रह तूर्त बाजूला ठेवता येईल.

पुढच्या भेटीला सर्व गोळ्यांची वेष्टने सोबत न्या. घरात तीन वर्षांचे मूल आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून एक सांगते: लोहाच्या रंगीत गोळ्या मुलांना खाऊसारख्या दिसतात आणि थोड्या पोटात गेल्या तरी जिवावर बेतू शकते. त्या कुलूपबंद कपाटातच ठेवाव्यात.