आधी रिट्राय शून्य करा, टूलचं नंतर बघू

तुमचा प्रश्न असा: औषध कंपनीत ईआरपीचं (कंपनीचा सगळा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) अपडेट दर तिमाहीला येतं, मॅन्युअल टेस्ट ७०० आहेत, सगळ्या ऑटोमेट कराव्यात का, टूल कोणतं घ्यावं, आणि 'उगाचच' फेल होणाऱ्या टेस्टना रिट्राय (पडलेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणं) लावला तर ऑडिटमध्ये चालेल का?

त्या 'उगाचच'साठीच लिहायला बसलो. चालणार नाही.

प्लेराइट या ब्राउझर-टेस्टच्या टूलमध्ये नव्या प्रोजेक्टला जी तयार कॉन्फिग मिळते तिच्यात सीआयवर (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) रिट्राय २ आणि ट्रेस (टेस्ट चालताना काय काय घडलं त्याची नोंद) 'ऑन-फर्स्ट-रिट्राय' असतो. म्हणजे टेस्ट पहिल्यांदा पडली त्याचा ट्रेसच नाही, ट्रेस मिळतो तो दुसऱ्या खेपेचा. दुसऱ्या खेपेला पास झाली की 'फ्लेकी' (कधी पास, कधी फेल) शिक्का, एक्झिट कोड शून्य (म्हणजे 'सगळं ठीक'), पाइपलाइन हिरवी.

याने काय लपतं ते ई-सिग्नेचरच्या एका टेस्टवरून सांगतो. पार्ट ११ (इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांसाठीचा अमेरिकी एफडीएचा नियम) मधल्या कलम ११.२०० प्रमाणे एका सलग सेशनमधल्या पहिल्या सहीला युजर आयडी आणि पासवर्ड दोन्ही लागतात, पुढच्या सह्यांना एक घटक पुरतो. सेशन नवं, की पुन्हा दोन्ही. ही टेस्ट ज्या सिस्टीमची होती तिच्यात 'पहिली सही झाली' ही खूण कुकीत होती आणि लॉगआउटला ती पुसलीच जात नव्हती. टेस्टचा वेग वाढवायला ब्राउझर कॉन्टेक्स्ट (कुकी वगैरे जपणारं ब्राउझरचं सत्र) एका वर्करमध्ये (टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) सगळ्या टेस्टना एकच ठेवलेला. त्यामुळे बॅच रिलीजची (औषधाची बॅच विक्रीसाठी मोकळी करण्याची) टेस्ट दुसऱ्या एखाद्या सहीच्या टेस्टमागे लागली, की आयडीचा रकाना सापडायचा नाही आणि ती पडायची. टेस्ट पडली की प्लेराइट तो वर्कर टाकून नवा सुरू करतं. नवा ब्राउझर, कुकी नाही, टेस्ट पास! सगळ्यांचं निदान एकच: 'नेटवर्क असेल.' शॉप फ्लोअरच्या सामाईक टर्मिनलवर मात्र ब्राउझर शिफ्टभर उघडाच असतो, म्हणजे तिथे नव्या सेशनची पहिली सहीही एकाच घटकावर होऊ शकते.

म्हणून व्हॅलिडेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये (सिस्टीम हवी तशी चालते याचा ऑडिटसाठी पुरावा जमवतात तिथे) रिट्राय ०, ट्रेस 'ऑन'. ('रिटेन-ऑन-फेल्युअर' पास झालेल्या टेस्टचा ट्रेस टाकून देतं, पुरावा तर पास झाल्याचाही लागतो.) टेस्ट पडली की डिफेक्ट नंबर, कारण, मग नव्या रन-आयडीने नवा रन. जुना रन जसाच्या तसा राहू द्या. प्रत्येक रनसोबत बिल्ड नंबर, स्क्रिप्टचा गिट कमिट (कोडची नेमकी आवृत्ती), टेस्ट डेटाची आवृत्ती आणि यूटीसी वेळ हवी. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानेच ती मंजूर करायची नाही, आणि मंजुरी रनच्या आधीच. 'रिट्राय नसेल तर रिलीज अडकतं' हे मी फार ऐकलंय. अडकू दे की, त्यासाठीच तर टेस्ट आहे!

७०० पैकी आधी बॅच रिलीज, सह्या, ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद), रोलनिहाय परवानग्या आणि लिम्ससारख्या (प्रयोगशाळेच्या नोंदी सांभाळणाऱ्या) सिस्टीमचे इंटरफेस घ्या. रिक्वायरमेंट, जोखीम, टेस्ट अशी साखळी लावली की बऱ्याच जुन्या टेस्ट एकच गोष्ट चारदा तपासताना दिसतील. मॅन्युअल स्क्रिप्टची पायरीन्‌पायरी कोडमध्ये उतरवू नका. छापील लेबल माणसानेच बघावं.

टूल? टीमला वाचता येईल ते. व्हेंडरची व्हॅलिडेशन किट म्हणजे तुमचं व्हॅलिडेशन नव्हे. टेस्ट बिल्डमध्ये मुद्दाम एक चूक पेरा आणि टूल खरंच लाल होतं का ते नोंदवून ठेवा.

डेव्हलपरच्या रोजच्या बिल्डवर रिट्राय हवा तेवढा लावा, तिथे माझी हरकत नाही. फक्त त्या रनचा रिपोर्ट व्हॅलिडेशन फाइलमध्ये लावू नका.