तीन महिन्यांत फक्त अडीच किलो. उत्साह टिकवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की तीन महिने झाले, रात्रीचं जेवण हलकं केलं, गोड बंद केलं, आठवड्यातून पाच दिवस जिमला जाता आणि काटा जेमतेम अडीच किलोंनी खाली आलाय. आता हुरूप राहिलेला नाही, जिम बदलू की सगळं सोडूनच देऊ, असा तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. बडोद्यात दांडिया बाजारात राहते, बँकेत दिवसभर खुर्चीवर बसते, पन्नाशीला टेकलेय आणि गेली काही वर्षं याच भानगडीत आहे. तेव्हा थोडं अनुभवाचं, थोडं वाचलेलं असं सांगते.

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशोब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. अडीच किलो म्हणजे १९ हजारांच्या वर. नव्वद दिवसांनी भागलं की रोजच्या २१० च्या आसपास येतात. सुरुवातीला थोडं पाणी गेलं असेल ते सोडा, चार आणे इकडेतिकडे. पण सणवार, लग्नाची जेवणं, कंटाळ्याचे दिवस हे सगळं धरून तुम्ही रोज सरासरी इतकी तूट राखलीत. बँकेतल्या बाईला हा आकडा आवडतो, कारण तो नियमित आहे.

आता २१० कॅलरी म्हणजे किती? साधारण पाच छोटे चमचे तेल. आमच्याकडे सेवउसळ मिळते, वाटाण्याची पातळ उसळ, वर शेव, कांद्याची पात आणि लालभडक तरी. वाढणाऱ्याने तरीचा चमचा दोनदा जास्त फिरवला की तुमची दिवसभराची तूट त्या बशीतच बुडाली. सेवउसळ खाऊ नका असं मी म्हणणार नाही, बडोद्यात राहून ते म्हणायला तोंड हवं. सांगायचंय ते इतकंच की रोजची तूट इतकी लहान असते, की ती काट्यावर रोज दिसणं शक्यच नाही. आणि शरीरातलं पाणी मात्र एका दिवसात किलो-दीड किलो वरखाली होतं. रात्री खारट, लोणचं-पापड जास्त झालं, नवीन व्यायामाने पाय दुखले, बाई असाल आणि पाळीचे दिवस जवळ आले, की काटा वर. त्यात चरबीचा काही संबंध नाही. उलटही होतं. खाणं कमी केल्यावर पहिल्या पंधरवड्यात भराभर वजन उतरतं, कारण यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरली जाते आणि तिच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं. मग वेग मंदावतो आणि लोकांना वाटतं डाएटचा असर संपला. खरं तर चरबीची पाळी तेव्हा कुठे आलेली असते.

त्यामुळे काट्यावर रोज चढायचं असेल तर आठवड्याची सरासरी काढा, आणि चढल्यावर दिवस खराब होत असेल तर आठवड्यातून एकदाच, सकाळी, चहाच्या आधी. पाळी येत असेल तर या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करा. समोरच्या बेन मला जिन्यात ‘पातळा थई गया, भाभी!’ (बारीक झालात, वहिनी!) म्हणाल्या तो माझा काटा वर गेलेला आठवडा होता. तेव्हापासून मी काट्याला थोडं कमी मानते. बेनना जास्त.

पण मला मुद्दाम सांगायची आहे ती गोष्ट वेगळी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला होता, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचा सल्ला देऊन सोडलं. दुसऱ्याला खाणं आणि चालणं नीट लावून दिलं, वरचेवर विचारपूस केली. (आणखी दोन गट गोळीचे होते, ते इथे सोडते.) तीन वर्षांनी पहिल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, दुसऱ्यात ३९ जणांना. आणि गंमत अशी की या दुसऱ्या गटाचं वजन म्हणावं असं उतरलेलंच नव्हतं. म्हणजे ज्यांचा काटा जागचा हलला नाही, त्या गटातही मधुमेह कमी झाला. मी हे वाचलं त्या दिवशी माझ्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं. आपण चालतो, भात कमी घेतो, तेव्हा स्नायू साखर जास्त चांगली वापरायला लागतात, आणि त्याची पावती काटा देत नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत काटा तसाही अर्धवट साक्षीदार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. वजन-उंचीच्या हिशोबात जुळे भाऊ, आतून निराळे. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध करतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० च्या पुढे नको म्हणतात.

तेव्हा शिंप्याकडची असते तशी टेप आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मापा. महिन्यातून एकदा पुरे. आणि जिममध्ये पाच दिवस जाताय तर तीन महिन्यांपूर्वी किती वजन उचलत होतात आणि आता किती, तेही लिहून ठेवा. माझं स्वतःचं माप नवरात्रातलं आहे. आधी इंटरवलच्या कितीतरी आधीच गरब्याच्या रिंगणाबाहेर येऊन चपलांच्या ढिगाशेजारी बसायची, चणियाचोळीतल्या पोरींच्या पर्सेस सांभाळत. आता इंटरवलपर्यंत आत असते, पर्सेस दुसरं कोणीतरी सांभाळतं. आमच्या जवळच्या पावागढच्या डोंगरावर माचीपासून रोपवे न घेता पायऱ्यांनी जाऊन बघा. दम कुठे लागतो ती पायरी लक्षात ठेवायची, पुढच्या वेळी तिथे काय होतं ते बघायचं.

आता खाण्याचं. कॅलरी मोजायचं ॲप मी फार दिवस चालवू शकले नाही. आपल्या घरात एका कढईत पाच जणांची भाजी होते, तिच्यातली माझी वाटी किती कॅलरींची हे कोण सांगणार? त्यापेक्षा तेल मोजणं सोपं. गुजरातेत सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, १५ किलोचा डबा भरायची पद्धत आहे. डबा फोडला की त्यावर मार्करने तारीख लिहायची. बस, एवढंच. समजा चार माणसांना डबा चार महिने पुरला, तर माणशी रोजचं ३१ ग्रॅम तेल झालं, म्हणजे २८० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तोच डबा पाच महिने पुरवला तर २५ ग्रॅम, रोजच्या पन्नासपंचावन्न कॅलरी कमी, आणि त्यासाठी कोणाला उपाशी राहावं लागलं नाही, कोणाचा पदार्थ बंद झाला नाही. आमच्या सासूबाई फोडणीला पळीने तेल घालतात. पळीच लहान आणली. त्यांनी दोन दिवस पळीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघितलं, मग विषय संपला. भाजी तळाला लागते म्हणून एक जाड बुडाची कढई मात्र घ्यावी लागली. अर्थात तेवढी तूट वर्षभर चालली की अमुक किलो उतरणारच असा सरळ त्रैराशिकाचा हिशोब शरीर चालू देत नाही. वजन उतरतं तशी शरीराची गरजही उतरते, म्हणून तोच आहार, तोच व्यायाम असूनही पुढे पुढे वेग कमी होतो. हे सगळ्यांचं होतं.

प्रथिनांकडे बघा. वरण-भात, शाक-रोटली यात पोट भरतं पण प्रथिनं बेताची. मोड आलेली मटकी, दही, पनीर, चालत असतील तर अंडी, यातलं काहीतरी दोन्ही जेवणांत हवं. राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. बाकीचं तुमच्या चवीवर.

व्यायामाने वजन किती उतरतं याबद्दल आपल्या फार मोठ्या कल्पना असतात. रविवारी सकाळी कमाटीबागेत या. सयाजीरावांनी १८७९ साली लोकांसाठी खुली केलेली बाग, मोठमोठी झाडं, आणि मधून जाणारी विश्वामित्री. फेऱ्या मारून घामाघूम झालेली मंडळी फाटकाबाहेर पडतात आणि थेट फाफडा-जिलबीच्या दुकानासमोर उभी राहतात. कागदावर गरम फाफडे, पपईचा संभारा, तळलेली मिरची, आणि ‘आज तर चाललोय ना’ म्हणून जिलबीचा आणखी एक वेटोळा. सत्तर किलोचा माणूस चार किलोमीटर चालला तर साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात. शंभर ग्रॅम जिलबीत त्याहून बरंच जास्त भरतं. त्या लोकांना मी हसत नाही, त्यांची साखर आणि रक्तदाब चालण्यामुळे बरा राहतो आणि रविवार मजेत जातो. पण वजन उतरवायचं असेल तर ते मुख्यतः ताटात उतरतं. व्यायाम उतरलेलं टिकवतो, आणि स्नायू जाऊ देत नाही.

भराभर उतरवणाऱ्यांचा हेवा वाटत असेल तर अजून एक वाचलेलं सांगते. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवायची स्पर्धा असायची. तिच्यातल्या १४ जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी परत तपासलं, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले ४१ परत आले होते. शिवाय त्यांचं शरीर विश्रांतीत जितक्या कॅलरी जाळायला हवं, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कमी जाळत होतं. चौदाच जण आहेत आणि तो प्रकारच टोकाचा होता, हे मान्य. तरी नात्यातलं कोणी ‘मी तर एका महिन्यात आठ किलो’ म्हणून सांगायला लागलं की मी मनात म्हणते, दिवाळीनंतर भेटू.

उत्साहाचं म्हणाल, तर तो कोणाचाच टिकत नाही. माझा तर पावसाळ्यात पार मावळतो, आणि बडोद्याचा मे महिना काय असतो ते इथे राहणाऱ्यांनाच माहीत. म्हणून जे काम करायचंच आहे त्याला चालणं जोडून टाकलं. भाजी आणायचीच असते, मग खंडेराव मार्केटला चालत जाते, येताना दोन्ही हातांत पिशव्या. मन आहे की नाही हा प्रश्नच येत नाही, भेंडी संपलेली असते. तुमच्याकडे असं काय आहे ते तुम्ही शोधा: मुलांची शाळा, स्टेशन, देऊळ. आणि घरात सगळ्यांना ‘मी वजन कमी करतेय’ असं जाहीर करू नका. आपल्याकडे त्याचे दोनच परिणाम होतात, कोणीतरी ताटात डोकावतं किंवा कोणीतरी मुद्दाम आग्रह करतं. एका माणसाला सांगा, जो काटा विचारणार नाही, ‘आज गेलीस का?’ एवढंच विचारेल. मला हे काम माझी बहीण पुण्याहून फोनवर करते. कधीकधी तिचा राग येतो.

आणि एकदा थायरॉइड तपासून घ्या, घेतलं नसेल तर. स्टेरॉइड, इन्सुलिन, मनाच्या आजारावरची काही औषधं यांनीही वजन अडतं. तशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. पाळी अनियमित असेल तर पीसीओएसचंही (बीजांडकोशाशी संबंधित हार्मोन्सचा त्रास) बघून घ्या. त्याच वेळी उपाशीपोटीची साखर, रक्तातली चरबी आणि रक्तदाबही करून ठेवा. तीन महिन्यांच्या मेहनतीचं उत्तर कदाचित त्या कागदावर जास्त स्पष्ट मिळेल.

जिमचं विचारलंत. सोडू नका. खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, ते थोपवायला वजनं उचलणं लागतं आणि ते घरी एकट्याने होत नाही, निदान माझ्याच्याने नाही. जिम लांब असेल आणि निघायचं जिवावर येत असेल तर जवळची बघा, मग तिथली मशिनं जुनी का असेनात. आत्ताची जवळ असेल तर बदलायचं काही कारण नाही. ट्रेनर ‘महिन्यात दहा किलो’ची हमी देत असेल, किंवा दर भेटीत पावडरचा डबा पुढे सरकवत असेल, तर मात्र या महिन्याची फी भरण्याआधीच बदला.