दिवाळीपर्यंत हजार सबस्क्रायबर, नाहीतर कोटा?

नमस्कार,

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातून आलेलं तुमचं पत्र वाचलं, आणि खरं सांगते, एकदा वाचून बाजूला ठेवलं आणि मग परत वाचलं. वाचकांसाठी थोडक्यात: मुलगी अकरावीत, विषय गणित-विज्ञान, दहावीला 94 टक्के, मैत्रिणीला सोबत घेऊन ग्वाल्हेरच्या जुन्या जागांचे व्हिडिओ करून युट्यूबवर टाकते, सहा टाकलेत, सबस्क्रायबर दीडशेच्या आत. आता चॅनेलसाठी एक इफेक्टिव्ह परिचय व्हिडिओ हवा म्हणून सूत्रं बाबांनी हातात घेतली, अडीच मिनिटांची स्क्रिप्ट लिहिली, ती मला पाठवली आणि विचारलं की यात अजून काय टाकलं म्हणजे लोक खेचले जातील. शेवटच्या ओळीत अट, दिवाळीपर्यंत हजार सबस्क्रायबर झाले तर ठीक, नाहीतर चॅनेल बंद आणि जेईईच्या क्लाससाठी राजस्थानातल्या कोट्याला रवानगी.

व्हिडिओचं सांगते, पण ते नंतर. पत्राच्या मधोमध तुम्ही सहज लिहून गेलात की रात्री अकरापर्यंत गच्चीवर रीटेक चालतात, हल्ली कॅमेरा लावला की ती रडते, आत्मविश्वास कमी पडतो, तो कसा वाढवावा. अहो, कुठला कमी पडतो? मी तिचे सहाही व्हिडिओ बघितले. किल्ल्याच्या चढावर धाप लागलीय, केस तोंडावर येतायत, मैत्रीण मागून हसतेय आणि ही बिनधास्त बोलत सुटलीय. मधेच हिंदी येते, येणारच, ग्वाल्हेरात वाढलेली मुलगी आहे, पुण्याचे लोक हसतील म्हणून तुम्ही तिला तीच वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणायला लावताय हे मला अजिबात पटलेलं नाही. पुण्याच्या लोकांना हसू दे की. आत्मविश्वास तिच्यात भरपूर होता, तो तुमच्या स्क्रिप्टसमोर आटतोय, आणि रडणाऱ्या मुलीसमोर पुन्हा ‘ॲक्शन’ म्हणणं ताबडतोब थांबवा. याच्याखाली मी जे लिहिलंय ते त्यानंतरचं.

आता तुमची स्क्रिप्ट. तिचं पूर्ण नाव, शाळेचं नाव, राहायचा मोहल्ला, दहावीचे टक्के, आजोबा कुठल्या पदावरून रिटायर झाले, तिचं ध्येय आयआयटी आणि मग यूपीएससी, आणि शेवटी हात जोडून लाईक-शेअर-सबस्क्राइब. रागावू नका, पण हा लग्नाचा बायोडेटा झाला, फक्त गोत्र आणि उंची राहिलीय. बघणाऱ्याला तुमच्या घराण्याशी काय घेणंदेणं? शिवाय सोळा वर्षांच्या मुलीची शाळा आणि मोहल्ला तुम्ही अख्ख्या जगाला सांगताय, हे बाप म्हणून तुमच्या लक्षात कसं आलं नाही याचं मला नवल वाटलं. पहिलं नाव पुरे. शाळा नको, घराची गल्ली नको, घराची गच्चीसुद्धा नको.

एक मोठा गैरसमज आहे आणि तो फक्त तुमचा नाही, माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पालकांचा आहे, की परिचय व्हिडिओ दणक्यात झाला की सबस्क्रायबर धडाधड येतात. परिचय व्हिडिओ कोणाला आणत नाही हो. तो चॅनेलच्या पानावर सगळ्यात वर लावायची सोय असते आणि ज्याने अजून सबस्क्राइब केलेलं नाही त्यालाच तो दिसतो, ज्याने केलंय त्याच्यासाठी तिथे दुसरा व्हिडिओ लावता येतो. आता परका माणूस त्या पानावर येतो कधी? आधी तिचा एखादा व्हिडिओ कुठूनतरी समोर आला, आवडला, ही पोरगी कोण म्हणून त्याने चॅनेलच्या नावावर बोट लावलं, तेव्हा. म्हणजे तो आधीच अर्धा राजी आहे, त्याला एवढंच बघायचंय की इथे अजून असं काय काय मिळणार. माणसं आणायचं काम त्या सहा व्हिडिओंचं आणि पुढे येणाऱ्या सातव्या-आठव्याचं आहे, आणि सातवा अडलाय कारण सगळ्या संध्याकाळी गच्चीवर जातायत.

हजारच्या आकड्याबद्दल. हजार झाले की पैसे सुरू होतात असं तुम्ही कुठेतरी ऐकलंय. जाहिरातींच्या पैशांसाठी हजार सबस्क्रायबर तर लागतातच, पण त्यासोबत गेल्या 12 महिन्यांत 4000 तास बघितलं गेलेलं असावं लागतं, किंवा मग 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. 4000 तास म्हणजे 2 लाख 40 हजार मिनिटं, एका माणसाने सरासरी दोन मिनिटं बघितलं असं धरलं तर 1 लाख 20 हजार वेळा व्हिडिओ बघितला जायला हवा. एवढं करूनही मुलगी अठराच्या आत आहे, म्हणजे पैशांचं खातं मोठ्या माणसाच्या हाताखालूनच जाणार. तेव्हा दिवाळीचं विसरा. आणि समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून आत्याच्या नणंदेला सबस्क्राइब करायला लावणंही सोडा, आकडा वाढतो पण बघत कोणी नाही.

कोट्याबद्दलही बोलायलाच हवं. चॅनेल फसलं तर कोटा, म्हणजे जेईईची तयारी ही तुमच्या घरात शिक्षा म्हणून ठेवलीय. ज्या अभ्यासाची धमकी दिली जाते तो मूल मनापासून कसं करणार? त्यात दिवाळीनंतर अर्धा सिलॅबस पुढे गेलेल्या बॅचमधे एकटीला नेऊन बसवायचं! जेईई, आर्किटेक्चरला नाटा, इतिहास किंवा मास कॉमसाठी सीयूईटी, ही प्रवेश परीक्षांची दारं बारावीनंतर उघडतात आणि तयारी ग्वाल्हेरात राहूनही होते, यावर आत्ता जास्त बोलायची गरज नाही.

तुमच्या लक्षात न आलेली गोष्ट मात्र सांगते. सहामधला सगळ्यात चांगला व्हिडिओ चतुर्भुज मंदिराचा आहे. तिथल्या सन 876 च्या शिलालेखात 270 आणि 50 हे आकडे शून्यासकट कोरलेत, 270 हात बागेची लांबी आणि 50 देवाला रोज द्यायच्या माळा. ती बोटाने तो बारकासा शून्य दाखवते आणि म्हणते, ‘बघा, गणिताच्या पेपरात मला छळणारा हा इथे बसलाय’. तुम्हाला गणितवाली मुलगी हवी होती ना? मग हे काय आहे?

म्हणून नवीन शूटिंग नको. आहे त्यातूनच कापा, आणि ‘कापा’ तिला म्हणतेय, तुम्हाला नाही. एक मिनिटाच्या आत. सुरुवातीला फिरणारा लोगो नको, नमस्कार-चमत्कार नको, थेट तो शून्य. मग किल्ल्यातल्या मानमंदिर महालाच्या भिंतीवरची पिवळी बदकं, दोन-तीन सेकंद. मग तिचा चेहरा आणि तिच्याच बोलीत दोन वाक्यं, मी कोण आणि इथे काय बघायला मिळेल. दर आठवड्याला व्हिडिओ असलं वचन देऊ नये, अकरावी आहे, महिन्याला एक झाला तरी खूप. शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत एंड स्क्रीनवर, म्हणजे पुढचा व्हिडिओ सुचवणाऱ्या चौकटीत, शून्यवाला व्हिडिओ लावायचा, म्हणजे माणूस तिथून सरळ तिकडे जातो. फिल्मी गाणं मागे लावू नका, कॉपीराइट क्लेम येतो. किल्ल्यावरच्या वाऱ्याने दोन व्हिडिओंत आवाज पार फाटलाय, तेव्हा पुढच्या व्हिडिओंना तिथे फक्त चित्र घ्यायचं आणि बोलणं घरी, जाड पडद्यांच्या खोलीत, साध्या कॉलर माईकवर. ट्रायपॉड किंवा ड्रोनच्या भानगडीत पडू नका, संरक्षित वास्तूत त्याला परवानगी लागते, मोबाइल हातात धरून छान चाललंय. व्हिडिओ लावून महिना झाला की युट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेलचे आकडे दिसतात तिथे, जाऊन तिने एकच बघावं, तिसाव्या सेकंदाला किती लोक टिकतात. पहिल्या पाच सेकंदांतच टिकणाऱ्यांच्या आलेखाची रेघ धाडकन खाली येत असेल तर सुरुवात बदलायची.

तुम्हाला मदत करायचीच असेल तर रविवारी दोघींना किल्ल्यावर सोडा आणि खाली थांबा.

सहामाही झाली की तिला स्वतःला मला लिहू दे, पुढे काय करायचंय ते तिच्या शब्दांत. आणि ते पत्र तुम्ही आधी वाचायचं नाही.