अर्ध्या टनाची की पाऊण टनाची?

प्रश्न : आम्ही ग्रँड रॅपिड्सला (मिशिगन) राहतो. आम्ही दोघं, दोन मुलं, आणि उन्हाळ्यात कोल्हापूरहून आई-बाबा येतात. भरल्यावर सहा हजार पाउंड होईल असा कॅम्पर ट्रेलर घेतलाय. तो ओढायला २००३ ते २००६ मधली शेव्हरोले सबर्बन ही मोठी गाडी बघतोय. १५०० (तिला अर्ध्या टनाची म्हणतात) आणि २५०० (पाऊण टनाची, हेवी ड्यूटी) दोन्ही मिळताहेत, किमतीत फार फरक नाही. मित्र म्हणतो, डोळे झाकून हेवी ड्यूटी घे. ऑफिसला येऊन-जाऊन चाळीस मैल होतात. सध्या त्यासाठी कोरोला आहे, ती विकायचा विचार आहे. काय करावं? — एक वाचक

उत्तर : एकच विचारतो. कॅम्पिंगला जाताना आई-बाबा बरोबर असणार का? निर्णय त्यावर आहे.

सहा हजार पाउंडाचा ट्रेलर दोन्ही गाड्या ओढतील. लोक तेवढंच बघतात आणि गाडीच्या पाठीवर किती बोजा येतो ते विसरतात. ट्रेलरच्या वजनाचा आठवा-नववा हिस्सा हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायच्या जोडणीवर, बसतो; तुमच्या बाबतीत सातशे पाउंड धरा. चार मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून आठशे. सामान, बर्फाची पेटी, खुर्च्या अडीचशे, हिचचं लोखंड ऐंशी. झाले अठराशेच्या वर. १५०० चं जास्तीत जास्त भारित वजन (गाडी, माणसं, सामान सगळं धरून) ७,२०० पाउंडांच्या आसपास असतं आणि फोर-व्हील ड्राइव्ह, लेदर सीट वगैरे असलेली गाडी रिकामीच साडेपाच हजारांच्या घरात जाते. उरले सतराशे. म्हणजे सहाजण बसले की १५०० हद्द ओलांडते. आई-बाबा घरीच थांबणार असतील तर ती बसते, पण काठावर. २५०० चं भारित वजन ८,६०० आहे. गाडी सहा हजारांची धरली तरी अडीच हजार हातात राहतात. नेमका आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीतल्या लेबलवर वाचा आणि गाडी ट्रकच्या वजनकाट्यावर नेऊन स्वतः वजन करून घ्या.

मित्राचं म्हणणं गिअरबॉक्सपुरतं अगदी खरं आहे. १५०० मधला ४एल६०-ई गिअरबॉक्स ट्रेलर ओढून ओढून तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लचला थकतो. २५०० मधला ४एल८०-ई जुन्या टर्बो ४०० गिअरबॉक्सच्या घराण्यातला, बराच दणकट. मी ट्रेलर ओढणारा माणूस असतो तर केवळ याच्यासाठी २५०० घेतली असती. इंजिनही ५.३ लिटरच्या जागी ६.० लिटरचं मिळतं. ८.१ लिटरवाली दिसली तर मोहात पडू नका. घोड्यांचा ट्रेलर नेणाऱ्यांसाठी ती उत्तम आहे, पण तुमचं काम ६.० मध्ये भागतं.

आता किंमत कुठे मोजावी लागते ते सांगतो. १५०० ला मागे गोल स्प्रिंगा आहेत, २५०० ला ट्रकसारखे पाटे. रिकामी २५०० मिशिगनच्या खड्ड्यांतून गेली की शेवटच्या रांगेत एसटीच्या मागच्या सीटवर बसल्यासारखं होतं. आई-बाबांना मधल्या रांगेत बसवा, तिसरी मुलांना द्या. पायरी उंच आहे, तेव्हा फूटबोर्ड नसेल तर आधी तो बसवा. ८,५०० पाउंडांच्या वरच्या गाड्यांना त्या काळी सरकारी मायलेजचं लेबल लागत नसे, म्हणून २५०० चा छापील आकडा शोधत बसू नका. एकंदरीत १५०० ला गॅलनमागे पंधरा मैल आणि २५०० ला बारा धरा. ऑफिसचे वर्षाला दहा हजार मैल दोन्हींपैकी कशानेही केलेत तरी सहाशे-आठशे गॅलन जातील. कोरोला विकू नका.

तेव्हा माझं मत : कोरोला ठेवा आणि ६.० लिटरची २५०० घ्या. कोरोला विकायचीच असेल आणि आई-बाबा ट्रेलरच्या सहलीला येणार नसतील, तर १५०० घ्या.

जाहिरातीवर मात्र विसंबू नका. चाकाला सहा नट असतील तर १५००, आठ असतील तर २५००. चॅसिस नंबरचं आठवं अक्षर बघा : यू म्हणजे ६.०, जी म्हणजे ८.१, टी किंवा झेड म्हणजे ५.३. ग्लोव्ह बॉक्समधल्या कोडच्या स्टिकरवर जीटी५ असेल तर मागचा एक्सल ४.१० च्या गिअर गुणोत्तराचा (आकडा मोठा तितकी ओढ जास्त), जीटी४ असेल तर ३.७३ चा. ट्रेलरसाठी मला ४.१० आवडतो.

आणि आता मीठ, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते. आपल्याकडच्या या गाड्यांचा खरा शत्रू हाच, आणि त्याला हलकी-भारी कळत नाही. ब्रेकचे पाइप ड्रायव्हरच्या बाजूच्या फ्रेमला धरून मागे जातात आणि बाहेरून कुजतात. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने त्यांची चौकशी केली होती आणि २०१५ मध्ये रिकॉल (कंपनीने गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्ती करणं) न करता ती बंद केली. म्हणजे खर्च मालकाचाच. पंधरा मिनिटं टॉर्च घेऊन गाडीखाली झोपा. फ्रेमच्या आतल्या बाजूला, पेट्रोलच्या टाकीजवळ बघा. पाइपवर पापुद्रे सुटत असतील किंवा तो ओलसर दिसला तर ती गाडी कुटुंबाला घेऊन चालवू नका. स्टेनलेसचे तयार पाइप मिळतात, ते आधी टाकून घ्या आणि तो खर्च किमतीतून वळता करा. जमलं तर टेनेसी किंवा टेक्सासची गाडी शोधा. तिकडे जायच्या-यायच्या खर्चाहून जास्त पैसे गंजात जातात.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) मागच्या अर्ध्यावर, वरच्या बाजूला तेलाचा ओघळ आहे का तेही तपासा. आतला पंप घासून केसला टाचणीएवढं भोक पडतं, तेल हळूहळू जातं, आणि मालकाला कळतं तेव्हा आत सगळं जळलेलं असतं.

विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होताना टिक-टिक असा आवाज आला आणि गरम झाल्यावर थांबला तर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीचा) बोल्ट तुटलेला असतो. त्यासाठी गाडी सोडायचं कारण नाही, पण आत अडकलेला तुकडा काढायला मजुरी बरीच लागते. भाव ठरवताना ती मोजा.