कार्ड की रोख? पहिल्या पगारवाल्यांसाठी

भावा, कार्ड मोडून टाक असं मी सांगणार नाही. पैसा कुठं गळतोय ते आधी बघ. लाईट बिल, पेट्रोल, किराणा याला कार्ड चालतंय, स्टेटमेंटात हिशोब आयता मिळतो. गळती होते ती रंकाळ्यावरच्या भेळेत आणि राजारामपुरीत सहज घेतलेल्या टीशर्टात. तिथं यूपीआय नको, रोखच दे. आठवड्याची रक्कम एकदाच काढ, तीही ५०० च्या नोटांत. सुट्टे कधी उडाले कळत नाही, ५०० ची मोडताना हात जरा थांबतोच.

क्रेडिट कार्डाचं मात्र नीट ऐक. बिलावरची 'किमान रक्कम' तेवढीच भरलीस की उरलेल्यावर महिन्याला ३-३.५ टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, शिवाय नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावून टाक. त्या कार्डानं एटीएममधून पैसे तर काढूच नकोस, व्याज त्याच दिवसापासून चढतं.

बँकेच्या ॲपात ऑनलाइन खरेदी बंद ठेवता येते, मर्यादाही कमी करता येते. रिझर्व्ह बँकेनं २०२० पासून ही सोय सक्तीची केलीय. लागेल तेव्हा चालू कर. तेवढ्या खटाटोपात निम्मी हौस फिटते, माझी तरी.